आरसा आणि उडतं पान

आमच्याकडे कुणी 'पाठ' म्हणालं
तर ती पुस्तकाचीच.
बायकांच्या पाठी नुसत्याच दुखायच्या.

लाइपझिग, प्लाग्विट्सचा कालवा,
खाली छापखान्याची धडधड,
वर सरसाच्या उग्र वासात आम्ही चौदा जणी.
मी सोळा वर्षांची, वालपुर्गा मेनर्टच्या हाताखाली.
पहिला आठवडाभर तिने दोऱ्याला हात लावू दिला नाही.
नुसते शब्द.

घडी दाबायची पट्टी ती फाल्ट्सबाइन.
'बाइन म्हणजे पाय, आणि जुन्या बोलीत हाड.
काहीही म्हण, पण नखाने घडी दाबू नकोस,
कागदाला चकाकी येते आणि ती जात नाही.'

कण्याच्या टोकाची रंगीत किनार ती कापिटाल.
हा शब्द ती जरा खालच्या आवाजात घ्यायची,
कारण जिन्यात भांडवलाच्या नावाने
हातभर लाल फलक होता.
'आणि आपण बघ,
रोज नऊशे पुस्तकांच्या डोक्यावर भांडवल चिकटवतो.'
हसली नाही. मीही नाही.
खोलीत चौदा जणी होत्या.

मग अस्तर. त्याचं नाव फोरझाट्स,
आमच्या भाषेत त्याचा दुसरा अर्थ इरादा.
मधोमध दुमडायचा.
अर्धा पुठ्ठ्याला खळीने चिकटतो, तो आरसा.
अर्धा मोकळा राहतो, ते उडतं पान.
मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल.
ती म्हणाली,
'कागदाचे तंतू उभे आहेत का बघ.
आडवे गेले की आरशाला सुरकुत्या पडतात.'
तिचा भाऊ त्याच उन्हाळ्यात
हंगेरीच्या कुंपणातून पलीकडे गेला होता.
हे मला फार उशिरा कळलं.

पुढच्या वर्षी शिलाईची यंत्रं
किलोच्या भावाने गेली.
वालपुर्गा घरी गेली.
मी तिची पट्टी खिशात घातली.
चोरी म्हणा.

आता माझं स्वतःचं दुकान आहे,
एक खोली, एक शिकंजा, एक खिडकी.
परवा ल्योबनिट्झ नावाचे म्हातारे
मधमाश्या पाळण्याचं एक पुस्तक घेऊन आले.
सांधा तुटलेला, कोपरे मेणाने काळवंडलेले.
आमच्याच कारखान्यातलं.
संघाच्या साठ प्रती हाताने शिवल्या होत्या,
माझी पहिली हातशिलाई.

ओल्या स्पंजाने आरसा भिजवला,
वाट पाहिली,
कोपऱ्यापासून उचलत गेले.
खाली पुठ्ठ्यावर पेन्सिल:
'मंगळवार. सरस पातळ.
पोरीने चौथा फर्मा उलटा शिवला.
गाठी मात्र सरळ. उसवला नाही. वा. मे.'

मी पान एकोणपन्नास शोधलं.
अठ्ठेचाळीसनंतर सरळ चौसष्ट,
डोक्यावर उभं.
सोळा पानं, तेहेतीस वर्षं,
आणि समासात म्हाताऱ्यांच्या टिपा,
पुस्तक फिरवून, मागून पुढे,
नीट लिहिलेल्या.
खालच्या फर्म्याच्या गळ्यात अडकवून
वर आणलेला माझा दोरा अजून घट्ट.

फोन केला. म्हटलं, चूक माझीच आहे,
दुरुस्त करून देते, पैसे नकोत.
पलीकडे खोकला.
'ते हिवाळ्याचं प्रकरण ना?
राहू द्या.
हिवाळ्याला पुस्तक फिरवायचं, असं हातात बसलंय.
नातूही तसंच वाचतो.'

सांधा नवा केला. किनार जुनीच ठेवली.
वालपुर्गाच्या ओळीखाली पेन्सिलने लिहिलं:
'गुरुवार. खळ दाट.
मीही उसवला नाही.'
मग माझं नाव लिहावं की नाही
यात खळ वाळायला लागली,
घाईघाईने आरसा दाबला,
तिच्या पट्टीने, मधून कडेकडे,
एक बुडबुडा राहिलाच.

सकाळी शिकंजा उघडेन तेव्हा बघू.